तीन नंबरचा ओला प्लग

सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणारा प्लग काळा आणि पेट्रोलने ओला निघाला की जुनी गाडी वापरणारे बहुतेक जण थेट कार्ब्युरेटरवर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागावर, ठपका ठेवतात. पेट्रोल जास्त येतंय, म्हणून प्लग भिजतोय, असा साधा हिशेब असतो. माझ्या गाडीला कार्ब्युरेटर एकच आहे आणि चारही सिलिंडरना मिश्रण त्याच्याकडूनच जातं. मग जास्तीचं पेट्रोल एकट्या तीन नंबरला कुठून मिळणार? माझा सगळा शोध या प्रश्नावर उभा राहिला.

गाडी चार सिलिंडरची, पॉइंटवाली (ठिणगीसाठी करंट तोडणारे यांत्रिक संपर्क असलेली), हाताने ओढायच्या चोकची (थंड इंजिनसाठी हवा कमी करून मिश्रण दाट करणारी पाकळी). पेट्रोल पंपही इंजिनवरच चालणारा, यांत्रिक. बिघाडाचा कोड दाखवणारा कॉम्प्युटर यात नाही. सिलिंडरच्या आत काय चाललंय हे सांगणारा प्लग हाच एक साक्षीदार. त्याचं म्हणणं नीट ऐकून घ्यावं लागतं आणि तो जेवढं सांगतो त्यापेक्षा जास्त त्याच्या तोंडी घालायचं नसतं.

लक्षणं नेहमीचीच होती. थंड इंजिन चोक ओढला की लगेच सुरू व्हायचं. गरम झाल्यावर मात्र आयडलिंगला हलायला लागायचं. सायलेन्सरमधून येणाऱ्या ठोक्यांत मध्येच एक ठोका गळायचा, आणि धुरापेक्षा कच्च्या पेट्रोलचा वास जास्त. चढावर रेस दिली की गचके बसायचे. वेग वाढला की मिसिंग कमी झाल्यासारखं वाटायचं, पण गाडी ओढत नव्हती आणि पेट्रोल भराभर संपत होतं.

कोणता सिलिंडर काम करत नाही हे आधी ठरवायचं होतं. आयडलिंग थोडं वाढवून एकेका प्लगची वायर काढून बघायची, ही जुनी आणि चांगली पद्धत. चालू सिलिंडरची वायर काढली की इंजिनचा वेग पडतो, मेलेल्याची काढली तर काहीच फरक पडत नाही. यात काळजी दोन गोष्टींची. वायर नुसत्या हाताने धरायची नाही, इन्सुलेशन असलेली पक्कड घ्यायची, कारण या साध्या पॉइंटवाल्या व्यवस्थेतही दहा-वीस हजार व्होल्ट तयार होतात. शिवाय काढलेली वायर हवेत लोंबकळत सोडायची नाही, तिचं टोक इंजिनच्या धातूला अर्थ करून ठेवायचं. करंटला वाट मिळाली नाही तर कॉइलचं व्होल्टेज चढत जातं आणि डिस्ट्रिब्युटरचा (चारही प्लगना पाळीपाळीने करंट वाटणाऱ्या भागाचा) फिरता रोटर किंवा वरची कॅप फोडून ते स्वतःची वाट काढतं. एक, दोन आणि चार नंबरला इंजिन लगेच खाली बसलं. तीनची वायर काढली तेव्हा आवाजात तसूभरही फरक पडला नाही.

गाडी एका मोकळ्या रस्त्यावर दमात चालवली, क्लच दाबून लगेच चावी बंद केली आणि इंजिन निवल्यावर चारही प्लग काढले. ही खबरदारी महत्त्वाची आहे. थंड इंजिन चोकवर सुरू करून किंवा बराच वेळ आयडलिंगला ठेवून प्लग काढले तर चांगल्या गाडीचेही चारही काळे निघतात, आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष फुकट जातो. पाना लावण्याआधी प्लगच्या बुडाशी साचलेली धूळ फुंकून टाकली, नाहीतर ती सरळ सिलिंडरमध्ये उतरते. वायरींवर चिकटपट्टीने नंबर घातले आणि प्लग त्याच क्रमाने फडक्यावर मांडले.

एक, दोन आणि चारचं पोर्सेलिन राखाडी-तपकिरी होतं, म्हणजे ठीक. त्यांच्या धातूच्या कडेवर मात्र काजळी हवी त्यापेक्षा जरा जास्त वाटली. तेवढी गोष्ट मनात ठेवली. तीन नंबरचा प्लग वेगळाच दिसत होता. मधल्या इलेक्ट्रोडभोवतीचं पोर्सेलिन दिसतच नव्हतं, आतपर्यंत मऊ काळी काजळी भरलेली, आणि गॅपमध्ये ओल चमकत होती. बोट लावलं तर काळं पुसून आलं, वास पेट्रोलचा.

पण नुसत्या वासावर विसंबून चालत नाही. ऑइलने भिजलेला प्लगही काळा आणि ओलाच दिसतो, आणि त्याचा अर्थ अगदी निराळा होतो, पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील गेले. म्हणून प्लगचं टोक कोऱ्या कागदावर टेकवलं. कागदावर ओला डाग पडला, काही वेळाने तो उडून गेला आणि खाली फक्त कोरडी काजळी उरली. ऑइल असतं तर कागदावर तेलकट कडं राहिलं असतं आणि बोटाला चिकट लागलं असतं. ऑइलची शंका तिथेच फिटली.

आता पहिल्या प्रश्नाकडे. माझ्या इंजिनात कार्ब्युरेटर मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरना मिश्रण नेणाऱ्या नळ्यांच्या, बरोबर मध्यावर आहे. दोन आणि तीन हे मधले सिलिंडर त्याच्यापासून सारख्याच अंतरावर, एक आणि चार टोकाला. मिश्रण सगळ्यांना अगदी समान वाटलं जात नाही हे खरं, पण मग तीनला जे मिळतं ते दोनलाही मिळायला हवं. दोनचा प्लग तर कोरडा होता. म्हणजे तीनमध्ये पेट्रोल जास्त येत नव्हतं, आलेलं जळत नव्हतं.

प्लग असा का मरतो ते समजून घेतलं की पुढचं सोपं जातं. कॉइल व्होल्टेज वाढवत नेते आणि ते पुरेसं चढलं की गॅपमधून ठिणगी उडी मारते. पोर्सेलिन स्वच्छ असेल तर करंटला दुसरी वाटच नसते. काजळी म्हणजे कार्बन, आणि कार्बनमधून वीज वाहते. पोर्सेलिनवर काजळीचा थर बसला की करंट त्या थरावरून हळूच प्लगच्या लोखंडी अंगात उतरतो. व्होल्टेज उडी मारण्याइतकं चढतच नाही. मेकॅनिक याला प्लग शॉर्ट झाला म्हणतात, आणि ते शब्दशः खरं आहे. मल्टिमीटरचं एक टोक प्लगच्या वरच्या टोपीला आणि दुसरं लोखंडी अंगाला लावलं. चांगल्या प्लगवर काटा हललाच नाही. तीनच्या प्लगवर चक्क रीडिंग आलं.

प्लगच्या टोकाचं तापमान साधारण 450 ते 500 अंश सेल्सिअसच्या वर गेलं की बसलेली काजळी आपोआप जळून जाते. 850 अंशांच्या पुढे गेलं तर उलटा त्रास सुरू होतो, टोकच निखाऱ्यागत लाल होऊन मिश्रण वेळेआधी पेटवायला लागतं. या दोहोंच्या मध्ये प्लगला राहायचं असतं. सिलिंडर नीट पेटत नसेल तर टोक तापत नाही. तापलं नाही की काजळी साचते, काजळी साचली की ठिणगी आणखी दुबळी होते. म्हणजे सुरुवात दुबळ्या ठिणगीने झाली तरी शेवटी हातात येतो तो पेट्रोलने भिजलेला प्लग, आणि आळ येतो कार्ब्युरेटरवर.

ओळखीच्या मेकॅनिकने प्लग पाहिला आणि म्हणाला, "ताई, कार्ब्युरेटर उतरवून धुऊन घेऊ, नवीन प्लग टाकू, गाडी एकदम मक्खन चालेल." माणूस हाताचा चांगला आहे आणि त्याच्या सांगण्यात तथ्यही होतं, कारण नवीन प्लग टाकल्यावर गाडी खरंच सुधारली असती. स्वच्छ पोर्सेलिनवर दुबळी ठिणगीही काही काळ निभावून नेते. मग थर बसतो आणि पुन्हा तेच. आधी कारण शोधू द्या, मग तुम्हीच उतरवा, असं मी त्याला सांगितलं, आणि तो हो म्हणाला.

पहिली चाचणी फुकटची. तीनचा प्लग वाळवून एक नंबरला लावला आणि एकचा निरोगी प्लग तीनला. एक नंबरने सुरुवातीला थोडी कुरकुर केली, पण गाडीवर ओझं पडल्यावर तो सुधारला, त्याच्या सिलिंडरच्या उष्णतेने काजळी बरीचशी जाळून टाकली. तीन नंबर मात्र त्या चांगल्या प्लगवरही मिस करायला लागला, आणि काढून पाहिला तर तोही भिजलेला. दोष प्लगबरोबर गेला नाही, सिलिंडरपाशीच राहिला.

सिलिंडरपाशी म्हटल्यावर कॉम्प्रेशन बघणं आलंच. दाबच नसेल तर मिश्रण पेटत नाही आणि प्लग ओला राहतो. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, कॉइलची बारीक वायर काढलेली, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, आणि गेजचा काटा चढायचा थांबेपर्यंत सेल्फ. अॅक्सिलरेटर दाबायला विसरलं तर हवाच पुरेशी आत येत नाही आणि चांगलं इंजिनही आजारी वाटतं. चारही आकडे जवळजवळ सारखे आले. एखादा पडलेला असता तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा पाहिलं असतं: आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह. तशी वेळ आली नाही.

आता राहिली ठिणगीची वाट. कॉइल चौघांची एकच, कंडेन्सर एकच, रोटर एकच. त्यांतलं काही दुबळं असतं तर चौघांनाही कमी-जास्त झळ बसली असती. एकट्या तीनच्या वाट्याचं असं काय उरतं? डिस्ट्रिब्युटर कॅपमधलं त्याचं टर्मिनल, त्याची वायर, आणि पॉइंट उघडणाऱ्या कॅमचा त्याचा उंचवटा. एवढंच.

ठिणगी उघड्यावर पाहिली. जादा प्लग तीनच्या वायरला लावून त्याचं अंग इंजिनच्या धातूला टेकवलं. हे करताना प्लगच्या उघड्या भोकांपासून दूर राहायचं आणि पेट्रोलचं फडकं जवळपास ठेवायचं नाही, कारण सेल्फ मारताना भोकांतून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि तिला पेटायला तेवढी ठिणगी पुरते. एक नंबरच्या वायरवर ठिणगी निळसर, टचटच आवाज करणारी. तीनच्या वायरवर बारीक, नारिंगी, मधूनच गायब होणारी. उघड्या हवेत ठिणगीला उडी मारणं सोपं असतं, सिलिंडरमध्ये दाबाखाली तेवढ्याच गॅपला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. बाहेर जी अडखळते ती आत बहुधा विझतेच.

वायर कॅपमधून उपसली आणि कारण हातात आलं. पितळी टोकावर हिरवट-पांढरा चुरा जमलेला, नखाने खरवडला तर खपली निघाली. रबरी टोपीला उभी चीर गेलेली, तिथून ओल आत शिरत असणार. टॉर्चच्या उजेडात कॅपच्या त्या घरात पाहिलं तर तळाचं टर्मिनल काळंठिक्कर, मधोमध जळून खड्डा पडलेला. वायर पूर्ण टेकत नव्हती, म्हणून ठिणगी आधी तिथे उडी मारत होती आणि उरलंसुरलं प्लगपर्यंत पोचत होतं. मल्टिमीटरने वायरही मोजली. कार्बनच्या गाभ्याच्या वायरीत लांबीनुसार काही हजार ओहम येणं ठीक असतं, बाकी तिघींत तसंच आलं. तीनची वायर सरळ धरली की रीडिंग यायचं, टोकाशी वाकवली की नाहीसं व्हायचं. इंजिन गरम होऊन हलायला लागलं की बिघाड का जाणवायचा, तेही उलगडलं.

टर्मिनल खरवडून, वायर पुन्हा दाबून बसवून काम झालं असतं, काही दिवसांपुरतं. मी कॅप, रोटर आणि चारही वायरी नव्या घेतल्या. चारही एकाच वयाच्या होत्या, बाकीच्या तीन किती टिकतील याची वाट बघण्यात मला अर्थ वाटला नाही. जुनीवरून नवी वायर एकेक करत बदलली, म्हणजे क्रम चुकायचा प्रश्नच नाही, आणि प्रत्येक टोक तळाला टेकल्याची खात्री होईपर्यंत दाबलं. कॅप उघडी होतीच, तर पॉइंटही पाहून घेतले. इंजिन हाताने फिरवत कॅमच्या चारही उंचवट्यांवर फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) लावून पाहिला, गॅप सगळीकडे सारखाच, 0.4 मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे कॅम झिजलेला नव्हता.

कार्ब्युरेटरकडे मी यानंतर वळले, आणि हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. ठिणगी आजारी असताना मिश्रण कमी-जास्त दाट करणारा मिक्श्चर स्क्रू फिरवला तर कान फसतो. मिसिंग कमी व्हावं म्हणून आपण मिश्रण बदलत जातो आणि एका दोषावर दुसरा दोष बेतून ठेवतो. शिवाय तो स्क्रू मुख्यतः आयडलिंगपुरताच असतो, चढावरच्या गचक्यांशी त्याचा फारसा संबंध नसतो.

चारही प्लगच्या कडेवरची जास्तीची काजळी मात्र मी विसरले नव्हते. चौघांवर सारखी खूण म्हणजे चौघांचं सामाईक कारण. एअर क्लीनर काढला, चोकचं बटण पूर्ण आत ढकललं आणि कार्ब्युरेटरच्या तोंडात पाहिलं. चोकची पाकळी उभी असायला हवी, ती तिरकी होती. केबलचं बाहेरचं आवरण क्लिपमधून सरकलं होतं, त्यामुळे बटण आत गेलं तरी तार ताणलेलीच राहायची आणि पाकळी पूर्ण उघडायची नाही. क्लिप सैल केली, तारेला किंचित ढील ठेवून पुन्हा आवळली. एअर फिल्टर उजेडासमोर धरला तर पलीकडचं काही दिसेना, तोही बदलला.

ओव्हरफ्लो आहे का, म्हणजे कार्ब्युरेटर पेट्रोलने भरून वाहतोय का, हेही पाहिलं, कारण तीही चौघांची बाब. आयडलिंगवर टॉर्च मारून मेन नोझलकडे बघायचं, तिथून पेट्रोल ठिबकता कामा नये. इंजिन बंद केल्यावरही नाही. ठिबकत असेल तर पेट्रोल आत येणं थांबवणाऱ्या निडल व्हॉल्व्हच्या बैठकीत कचरा, तो व्हॉल्व्ह बंद करणाऱ्या तरंगत्या फ्लोटची पातळी वर, पंपाचा दाब जास्त, नाहीतर फ्लोटला भोक. पितळी फ्लोट काढून कानाशी हलवला की आत शिरलेलं पेट्रोल ऐकू येतं. माझ्याकडे एक थेंबही पडला नाही, त्यामुळे कार्ब्युरेटर उतरवण्याची गरजच उरली नाही.

नवीन प्लग बसवताना एक मोह टाळला. काजळी धरते म्हणून जास्त गरम चालणारा प्लग टाका, असा सल्ला सर्रास मिळतो. त्याने काजळी जळेल, पण दोष झाकला जाईल आणि उन्हात लांब पल्ल्याला ओझ्याखाली तोच प्लग मर्यादेबाहेर तापेल. शिवाय आकड्यांचा घोळ आहेच: एनजीकेचा आकडा जितका मोठा तितका प्लग थंड, बॉश आणि चॅम्पियनचं याच्या उलट. मी पुस्तिकेत सांगितलेलाच प्लग घेतला. जुना शॉर्ट झालेला प्लग तारेच्या ब्रशने घासून वापरायलाही माझा विरोध आहे. पोर्सेलिनवर धातूचे बारीक ओरखडे राहतात, तेही वीज वाहून नेतात, आणि खोलवरच्या काजळीपर्यंत ब्रश पोचतच नाही. गॅप फिलर गेजने तपासला, प्लग हाताने शेवटपर्यंत फिरवून बसवला आणि वॉशर टेकल्यावर पान्याने अर्धा फेरा. पहिल्याच आट्याला पाना लावला तर आटे आडवे जायची भीती असते, आणि हेड अॅल्युमिनियमचं असेल तर ते काम फार महागात पडतं.

शेवटची गोष्ट सहज राहून जाते. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं. डिपस्टिक काढून वास घेतला तर पेट्रोल स्पष्ट जाणवलं, आणि पातळी खुणेच्या थोडी वर. पातळ झालेल्या ऑइलवर बेअरिंगं झिजतात. त्यातून सुटणारी पेट्रोलची वाफ ब्रीदरमधून (चेंबरमधली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीतून) पुन्हा इंजिनात येते आणि मिश्रण आणखी दाट करते, म्हणजे सगळं दुरुस्त करूनही प्लग काळेच निघू शकतात. ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलले.

मग गरम इंजिनवर मिक्श्चर स्क्रू थोडा थोडा फिरवून आयडलिंग लावलं, आणि मेकॅनिकसमोर वायरींची चाचणी पुन्हा केली. आता चारही वायरींना इंजिन सारखंच खाली बसलं. पुढच्या चालवण्यानंतर प्लग काढले तेव्हा चौघांच्या कडेवरची काजळी पातळ झाली होती. दोन आणि तीन टोकाच्या दोघांपेक्षा किंचित गडद आहेत, पण एकमेकांसारखेच, आणि दोन्ही कोरडे. मधल्या सिलिंडरना मिश्रण थोडं दाट मिळतं, तेवढा फरक या इंजिनात राहणारच. मेकॅनिकने दोन्ही प्लग शेजारी शेजारी धरून पाहिले आणि कार्ब्युरेटर उतरवण्याचा विषय त्यानेच बंद केला.